मागच्या डाव्या सीटवरचे आबा

गाडी घेऊन तुम्ही त्यांच्या गॅरेजसमोर उभे राहिलात, तरी ते बॉनेटकडे ढुंकून बघायचे नाहीत. खांद्यावरच्या रुमालाला हात पुसायचे, चपला झटकायचे, मागचं डावं दार उघडायचे आणि नवरदेवाचे मामा मानाच्या गाडीत बसावेत तसे आत जाऊन बसायचे. दार लावून घ्यायचे. मग काच खाली करून, बाहेर तोंड उघडं टाकून उभ्या असलेल्या तुम्हाला म्हणायचे, "चाला. जठे बंद पडस, तठे लई चाला."

जिथे बंद पडते, तिथे घेऊन चला. आता सांगा, असा मिस्तरी तुम्ही कुठे पाहिलाय? आपल्या माहितीतला मिस्तरी आधी बॉनेट उघडतो, जीभ टाळ्याला लावून 'च्च' करतो आणि याआधी गाडीला हात लावणाऱ्या माणसाच्या अकलेबद्दल दोन शब्द बोलतो. आबा कोणाच्या अकलेबद्दल बोलायचे नाहीत. ते मागे बसून डोळे मिटायचे.

नाव मी सांगत नाही. नुसतं आबा म्हणू या. धुळ्यात देवपुरात त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, एक लिंबाचं झाड आणि झाडाखाली कुठल्यातरी जीपमधून काढलेला बाक. माणूस मूळचा सोनगीरचा, घराणं तांब्यापितळेची भांडी घडवणाऱ्यांचं. वडील हंड्यावर टिचकी मारून तो कुठे पातळ झालाय ते सांगायचे म्हणे. मुलाने हंडे सोडले आणि इंजिनं धरली. बाकी काही बदललं नाही.

चालती गाडी मध्येच बंद पडणं, हे त्यांचं खास दुखणं. म्हणजे त्यांच्याकडे येणाऱ्या गाड्यांचं. जी गाडी चालूच होत नाही, ती कोणीही दुरुस्त करतो, असं त्यांचं मत. ती बिचारी सरळ सांगते की मी आजारी आहे. पण जी नीट चालते, चालता चालता डोळे मिटते आणि पाच मिनिटांनी काही झालंच नाही अशी उठून पुन्हा धावते, तिच्याजवळ बसावं लागतं.

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती एका सत्काराच्या पायी. जळगावला मेहरूणच्या रस्त्यावर माझं टाइल्सचं दुकान आहे, पण खानदेश मला ओळखतो तो माइकमुळे. लग्न, एकसष्टी, शोकसभा, काहीही असो, सूत्रसंचालन मी करतो. त्या दिवशी सोनगीरला एका चेअरमनसाहेबांची एकसष्टी होती. माझी गाडी वाटेत चार वेळा बंद पडली. मी पोचलो तेव्हा हार कोमेजले होते, पेढे संपले होते आणि माइक चेअरमनसाहेबांच्या व्याह्यांच्या हातात होता. त्यांनी तो शेवटपर्यंत सोडला नाही. चेअरमनसाहेबांचं लहानपण तीन वेळा सांगून झालं, तरी ते चौथीच्या पुढे जाईनात.

त्याआधी जळगावात तीन मिस्तरींनी माझ्या गाडीचे प्लग, फिल्टर आणि पंप बदलले होते. सोनगीरकरांनी पत्ता दिला म्हणून मी आबांकडे गेलो आणि त्यांना ही यादी छाती पुढे काढून ऐकवली.

आबा म्हणाले, "बठ्ठं बदली व्हयनं. आते मालक बदली पाहा." सगळं बदलून झालं होतं, राहिलो होतो तो मी.

मग ते मागे बसले. मी चालवू लागलो. देवपुरातून निघालो, पुलावरून गेलो, पुन्हा वळलो. आरशात पाहतो तर आबांचे डोळे मिटलेले, मान छातीवर. मी म्हटलं, म्हातारा झोपला. तेवढ्यात मागून आवाज आला, "झोपेल नही मी. ऐकी राहिनू. खड्डा चुकाडू नका."

एका गतिरोधकावर गाडी दणकली आणि गप्प झाली. आबांनी डोळे उघडले, पुढे वाकले आणि किल्लीला लटकलेला माझा जुडगा तळहातावर घेतला. सोनार घेतो तसा. त्यात घराच्या किल्ल्या होत्या, दुकानाच्या होत्या, गोदामाच्या होत्या, सासूबाईंच्या कपाटाची एक होती, नेलकटर होतं आणि सप्तशृंगीच्या गडावरून आणलेला पितळी मुखवटा होता. खड्डा आला की हा सगळा संसार झोका घ्यायचा आणि झिजलेल्या कुलपात किल्ली अर्धा दाणा मागे फिरायची. इंजिन बंद.

"देवीले देव्हारामा ठेवा," आबा म्हणाले. "आन सासूले सासूना घर."

त्यांनी गाडीची एकटी किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि जुडगा माझ्या खिशात सोडला. गाडी सरळ झाली. माझी पँट मात्र घरी पोचेपर्यंत मला एका हाताने धरावी लागली.

तेव्हापासून मी त्यांचा फुकटचा जाहिरातदार झालो. जळगावचे एक दातांचे डॉक्टर होते. त्यांची गाडी तासभर छान चालायची, मग धापा टाकून थांबायची. डॉक्टर उतरून पेट्रोल आहे की नाही बघायला टाकीचं झाकण उघडायचे आणि मनातल्या मनात रामरक्षा म्हणायचे. लगेच गाडी चालू. रामरक्षेवरची त्यांची श्रद्धा वाढत चालली होती. आबा त्यांच्यासोबत पारोळ्यापर्यंत गेले. गाडी थांबली तसे डॉक्टर सवयीने झाकणाकडे निघाले. आबांनी त्यांचा हात धरला, "डॉक्टरसाहेब, आज फक्त रामरक्षा म्हना. झाकन उघडू नका." गाडी काही चालू होईना. मग आबांनी स्वतः झाकण उघडलं. टाकीने हुश्श केलं.

टाकीत हवा जायला एक बारीक नळी असते. तिच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. पेट्रोल संपत जायचं, त्याच्या जागी हवा येत नव्हती. आबांनी ते घर पात्याच्या टोकाने अलगद सोडवलं, फुटू दिलं नाही, आणि रस्त्याकडेच्या बाभळीच्या फांदीला नेऊन टेकवलं. डॉक्टर बघत राहिले. आबा म्हणाले, "तिले काय माहीत हाई गाडी शे ते."

आणि दुरुस्ती झाली म्हणजे काम संपलं, असं त्यांच्याकडे नव्हतं. गाडी जिथे बंद पडायची ती जागा ओलांडून पुढे जाईपर्यंत ते गाडीतून उतरत नसत. ती जागा गेली की उतरायचे, रुमाल डोक्यावर टाकायचे आणि रस्त्याच्या कडेला एसटीची वाट बघत बसायचे. पुष्कळ वेळा परतीचा प्रवास ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कांद्यांवर बसून व्हायचा.

त्यांना राग येत नसे असं नाही. एकाच गोष्टीचा यायचा. गाडीवाल्याने येतानाच दुखण्याचं नाव ठरवून आणलं की ते भडकायचे. 'आबा, पंप गेलाय बघा,' असं कोणी म्हटलं की ठरलेलं वाक्य यायचं. "दवाखानामा जातस, तव्हय किडनी घरूनच काढीसन लई जातस का?"

या वाक्यावर झाडाखालचा बाक हमखास हसायचा. मीही हसायचो. एका दिवसापुरतं मात्र ते माझ्या अंगावर आलं.

त्याचं असं झालं. पिंपळनेरला माझी थोरली बहीण असते, आमची अक्का. भाऊजी आश्रमशाळेचे मुख्याध्यापक होते. निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांच्या किडन्यांनी काम सोडलं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी धुळ्याला डायलिसिस. जायला ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, मशीनवर चार तास, पुन्हा तेवढंच यायला. मुलगा परदेशात. दर खेपेला कोणाच्या गाडीची वाट बघणार? म्हणून अक्का पंचावन्नाव्या वर्षी गाडी शिकली. शिकवणारा पोरगा पहिले आठ दिवस दाराची कडी धरून बसायचा म्हणे. नवव्या दिवशी त्याने कडी सोडली आणि अक्काने जुनी गाडी घेतली. दोन वर्षं ती बाई भाऊजींना घेऊन साक्रीच्या रस्त्याने ट्रकांच्या रांगेतून येत-जात होती.

मग गाडी बंद पडायला लागली. नेरच्या आसपास, कधी कुसुंब्याच्या अलीकडे, भर रस्त्यात. साक्रीत दाखवलं, धुळ्यात दाखवलं. पुन्हा प्लग, फिल्टर, पंप. गाडी मिस्तरीकडे गेली की सुतासारखी सरळ, रस्त्यावर आली की बंद.

मी त्यांना आबांकडे घेऊन गेलो. भाऊजी पुढच्या सीटवर बसूनच होते. मुख्याध्यापक माणूस, सगळं व्यवस्थित सांगायची सवय. म्हणाले, "आबा, लक्षणांवरून मला तरी वाटतं, पंपच गेला असावा."

आणि आबांच्या तोंडून ते वाक्य गेलं. मी अडवेपर्यंत किडनी काढून झाली होती. बाक हसला. अक्काचा चेहरा उतरला. मी झाडाकडे बघू लागलो, जसं काही लिंबाला मोहोर किती आलाय हे मला तातडीने मोजायचं होतं. आबांना काहीतरी चुकलं हे कळलं, पण काय ते कळेना.

भाऊजी इतके हसले की त्यांना खोकला आला. म्हणाले, "आबा, माझ्या दोन्ही गेल्यात. म्हणून तर गाडी लागते."

आबांनी खांद्यावरचा रुमाल काढला, घडी घातली, पुन्हा खांद्यावर टाकला. माफी मागितली नाही. मागचं डावं दार उघडून बसले आणि अक्काला म्हणाले, "चाला अक्का. हाई गाडी मी बरी करीसनच उतरसू."

तो शब्द त्यांनी सोडला नाही. पुढच्या मंगळवारी अक्का भाऊजींना घेऊन दवाखान्यातून निघाली, तर आबा दारात. भाऊजींच्या मागे बसले, पिंपळनेरपर्यंत गेले, एसटीने परत आले. गाडी बंद पडली नाही. शुक्रवारी पुन्हा गेले. बंद पडली नाही. त्यापुढच्या मंगळवारी गेले. गाडी अशी चालली की जणू काल शोरूममधून निघाली आहे. त्या तीन दिवसांत त्यांच्या गॅरेजला कुलूप होतं आणि बाकावरची मंडळी माझ्या नावाने खडे फोडत होती.

चौथ्या खेपेला आबांना सर्दी झाली. अक्का म्हणाली, तुम्ही विश्रांती घ्या, आता तर नीट चालते. आणि त्या शुक्रवारी नेरच्या पुढे वळणावर गाडी बंद पडली. मागून ट्रक येत होता. ट्रकवाल्याने कसाबसा कट मारला, पण आरसा घेऊन गेला. अक्काच्या बाजूचा.

घरी पोचल्यावर भाऊजींनी अक्काला समोर बसवलं आणि शांतपणे सांगितलं, "मंगळवारपासून मी येणार नाही."

अक्काने मला फोन केला. ती रडत नव्हती, तेच वाईट होतं. "भाऊ, ते ऐकतच नाहीत रे. म्हणतात, माझं जे व्हायचं ते घरी होऊ दे, तुला रस्त्यावर मारून मी जगू का? दुसरी गाडी सांगते म्हटलं, तर म्हणतात, दर खेपेला लोकांच्या दाराशी उभं राहायचं नाही. शाळेत कोणाचं ऐकलं नाही त्यांनी, माझं काय ऐकतील."

डायलिसिस सोडलं तर किती दिवस असतात, हे मला माहीत होतं. तुम्हालाही माहीत असेल. मी शनिवारी दुकान बंद केलं आणि धुळ्याला आबांकडे गेलो.

आबा बाकावर बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी आरसा कुठल्या बाजूचा गेला ते दोनदा विचारलं. मग म्हणाले, "मी राहस तव्हय चालस. मी नही राहस तव्हय पडस. ती माले काय लाजस का?"

रविवारी सकाळी आम्ही दोघं माझ्या गाडीने पिंपळनेरला गेलो. भाऊजी ओट्यावर खुर्चीत बसले होते. त्यांनी आबांना नमस्कार केला, चहा सांगितला आणि म्हणाले, "आबा, गाडीबद्दल बोलायचं नाही. ते प्रकरण मी बंद केलंय."

आबा म्हणाले, "बरं." आणि गाडीबद्दल खरंच एक शब्द बोलले नाहीत. चहा पीत पीत अक्काला विचारायला लागले. दवाखान्यातून निघता तेव्हा काय करता? आधी कोण बसतं? पाणी कुठे ठेवता? उशी कोणत्या बाजूला? मला वाटलं, म्हातारा उगाच वेळ काढतोय.

अक्का सांगत होती, "निघालं की यांना आडवं करते. मशीनवरून उतरले की अंगात त्राण नसतं. सीट पार मागे ढकलते, पाठ पाडून देते, मग घरापर्यंत पडून येतात. उशा, पांघरूण, पिशव्या सगळं माझ्या मागच्या सीटवर."

आबांची बशी हातातच राहिली. "मी व्हतू तव्हय?"

अक्काने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी अंगणातल्या तुळशीकडे बघत होते.

"अक्का, मी मागे बशेल व्हतू तव्हय सीट कोठे व्हती?"

"तेव्हा पुढेच ठेवली होती ना, आबा," अक्का म्हणाली. "तुम्ही मागे होतात. मी म्हटलं यांना, आबांना पलीकडे बसायला सांगू का, पिशव्या मांडीवर घेतील. तर हे म्हणाले, ते आपल्यासाठी गॅरेज बंद करून येतात, त्यांची जागा ती आहे, त्यांना उठवायचं नाही. त्यांचे गुडघे चेपतील म्हणून सीट मागे घेऊ दिली नाही."

तीन खेपा. चार-चार तास मशीनवर पडून उठलेला माणूस, पाहुण्याच्या गुडघ्यांसाठी, पिंपळनेरपर्यंत ताठ बसून आला होता. आणि मागे आबा डोळे मिटून इंजिन ऐकत होते.

आपल्याकडे हे असंच असतं, नाही का? पाहुण्याला 'जरा तिकडे सरका' म्हणायला आपली जीभ रेटत नाही. 

आबा उठले, ओट्याच्या कडेला गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. रुमालाने तोंड पुसलं. वळले तेव्हा चेहरा मिस्तरीचा झाला होता. म्हणाले, "भाऊ, तुम्ही गाडीमा चाला."

मागे बसायला मी दार उघडलं, तर म्हणाले, "मागे नही. पुढे. मास्तरना जागावर. आडवा पडा."

मी म्हटलं, "मी कशाला? तुम्ही पडा."

"मन्हं वजन नही," आबा म्हणाले आणि माझ्याकडे वरून खाली पाहिलं. तो अपमान होता, पण अचूक होता.

तर मी आडवा पडलो. सीट पार मागे, पाठ पाडलेली, माझं पोट छताकडे तोंड करून. अक्काने गाडी काढली. आबा उशा बाजूला सारून तिच्या मागे बसले. गल्लीतली माणसं थांबून बघायला लागली. अख्खा खानदेश ज्याला माइकसमोर उभा बघतो, तो सकाळी दहाला पेशंटसारखा पडून चाललेला. शाळेपुढच्या गतिरोधकावर गाडी दणकली आणि इंजिन बंद झालं.

आयुष्यात प्रथमच माझ्या वजनाचा समाजाला उपयोग झाला. मी उठायला गेलो तसा आबांनी माझ्या छातीवर हात ठेवला. "हालू नका. श्वासबी हळू घ्या." अक्काने किल्ली फिरवली. गाडी चालू होईना. "आते उठा." मी उठलो, सीट पुढे घेतली. अक्काने किल्ली फिरवली आणि गाडी गुरगुरली.

टाकीतल्या पंपाला वीज देणारी वायर डाव्या सीटखालून मागे जाते. गाडीला नवी मॅटिंग टाकताना कोणीतरी ती तिच्या खाचेतून उचलली आणि सीटच्या पट्टीखाली सोडून दिली. सीट पार मागे गेली, वर माणूस आडवा पडला आणि रस्ता खराब लागला की पट्टी वायर चेपायची. पंप थांबायचा. गाडी थांबली की भाऊजी घाबरून उठून बसायचे, अक्का सीट पुढे घेऊन त्यांना पाणी द्यायची. वायर मोकळी, गाडी चालू. मिस्तरीकडे जायची तेव्हा ती सीट रिकामी असायची.

आबा शाळेच्या भिंतीच्या सावलीत गाडीत डोकं घालून, पाय रस्त्यावर सोडून अर्धा तास पडून होते. वायरची आतली तार चेपून चेपून दोन-तीन केसांवर आली होती. त्यांनी नवा तुकडा जोडला, टेप गुंडाळली, वायर खाचेत बसवली, आणि सीट वीस वेळा मागेपुढे करून पाहिली. मग मला पुन्हा आडवं पाडून गावातले सगळे गतिरोधक मोजले. पाच आहेत. गाडी एकाही ठिकाणी थांबली नाही.

भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "गावात चालली. नेरच्या वळणावर चालेल कशावरून?"

आबा म्हणाले, "मास्तर, कशावरूनच नही. मंगळवारी मी संगे येस. बंद पडनी, तर बुधवारपासून तुमनं खरं."

भाऊजी हो म्हणाले नाहीत. पण मंगळवारी पहाटे अक्काने गाडी काढली तेव्हा ते बूट घालून ओट्यावर उभे होते.

भाऊजी अजूनही मंगळवारी आणि शुक्रवारी धुळ्याला जातात. आबा गेले. मागच्या उन्हाळ्यात, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन. देवपुरातली शेड राहिली नाही, तिथे आता मोबाइलच्या काचा बदलून मिळतात. लिंबाचं झाड आहे. त्यांच्या शोकसभेला माइक माझ्याच हातात दिला होता. शेकडो शोकसभा केलेला माणूस मी, चार वाक्यं बोललो आणि दुसऱ्याकडे माइक दिला. मला त्या मंगळवारचं सांगायचं होतं, पण ते उभं राहून सांगता येईना. तेव्हा इथे सांगतो.

चार तासांनी भाऊजी मशीनवरून उतरले. चेहरा पांढरा. अक्काने त्यांना बसवलं, सीट पार मागे ढकलली, पाठ पाडली. मागे अक्काच्या बाजूला राहिलेल्या जागेत आबा आणि मी. मी दीड माणूस, आबा अर्धे, असा हिशेब जमला, पण वर उशा, पांघरूण आणि पाण्याचा जार होता. माझा एक पाय आबांच्या पायावर होता की आबांचा माझ्या, ते साक्रीपर्यंत ठरलं नाही.

कुसुंबा गेलं. अक्काने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. भाऊजींचे डोळे उघडे होते, छताकडे. नेर आलं. वळण आलं, रस्ता खडखडला, एक ट्रक शेजारून घोंघावत गेला. मी आबांकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्यांचे डोळे उघडे होते. इंजिन ते ऐकतच नव्हते. ते भाऊजींकडे बघत होते.

वळण गेलं. अक्काने आरशातून मागे पाहिलं आणि काही बोलायला तोंड उघडलं, तोच आबांनी बोट ओठांवर ठेवलं. भाऊजींना झोप लागली होती. तोंड किंचित उघडं, मान एका बाजूला. मुख्याध्यापकाची ती ताठ पाठ मी आयुष्यात पहिल्यांदा सैल झालेली बघत होतो.

साक्रीच्या स्टँडसमोर आबांना सोडायचं ठरलं होतं. धुळ्याची एसटी उभीच होती. अक्काने वेग कमी केला. आबांनी मागूनच हात हलवला, चालू द्या. दार वाजलं असतं.

पिंपळनेरला घरासमोर अक्काने गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. भाऊजी जागे झाले नाहीत. आम्ही तिघं बसून राहिलो. ऊन काचेतून सरळ आत येत होतं. माझा पाय मुंग्या येऊन मेला होता. आबांच्या कानामागून घामाचा थेंब निघाला आणि सदऱ्याच्या कॉलरमध्ये गेला, त्यांनी तो पुसला नाही. पाच मिनिटं गेली असतील, की वीस.

तेवढ्यात शेजारचे नाना म्हशीची बादली घेऊन बाहेर आले. गाडी उभी, आत चौघं आणि कोणी उतरत नाही, हे बघून ते जवळ आले. काचेला नाक लावून त्यांनी आबांना विचारलं, "काय व्हयनं? गाडी बंद पडी गई का?"

मी आबांकडे पाहिलं. धुळ्यातला तो म्हातारा, ज्याच्या हातून निघालेली गाडी बंद पडली असं कोणी म्हटलं तर दोन दिवस जेवला नसता.

आबांनी नानांकडे बघून, आवाज न करता, हो म्हणून मान हलवली.